मेघ, मोसम आणि मान्सून : विरहाच्या इंग्रजीची गोष्ट

इंग्रजीत पाऊस पडायचा तर आधी एक कर्ता उभा करावा लागतो. 'इट' हा तो कर्ता. हा 'इट' कोण, कुठला, हे इंग्रज माणूस विचारत नाही. वाक्य पुरे व्हावे एवढ्याचसाठी तो असतो. मराठीत पाऊस स्वतःच कर्ता आहे. तो येतो, पडतो, लागतो, धरतो, कोसळतो, उघडतो, दडी मारतो आणि कधी पाठही फिरवतो. आता याच्याशेजारी आठवण ठेवून पाहा. मराठीत आठवण 'येते'. ज्याला ती येते तो वाक्यात चतुर्थीच्या आडोशाला उभा असतो. त्याच्या हाती काही नसते. इंग्रजीत मात्र एक माणूस दुसऱ्याला 'मिस' करतो. या क्रियापदाचा जुना अर्थ नेम चुकणे, हातचे निसटणे. म्हणजे इंग्रजीत विरह हा करणाऱ्याच्या हातून निसटलेल्या गोष्टीचा हिशेब आहे, आणि मराठीत तो पावसासारखा बाहेरून येऊन अंगावर पडतो.

हा केवळ व्याकरणाचा खेळ असता तर त्यासाठी दिवाळी अंकाची पाने खर्ची घालण्याचे कारण नव्हते. पण पाऊस आणि विरह यांची जोडी आपल्याकडे दोन हजार वर्षे तरी टिकून आहे आणि गेली दोनशे वर्षे ती इंग्रजीत नेण्याचे आणि इंग्रजीतून परत आणण्याचे काम चालू आहे. या येरझारीत काय काय वाहून गेले आणि काय नवे चिकटले, याचा माग या लेखात घ्यायचा आहे.

माझ्यापुरते त्याला एक निमित्तही आहे. माझी आजी विजयदुर्गच्या खाडीकाठी राहत असे आणि आजोबा लालबागच्या एका गिरणीत होते. तिने त्यांना लिहिलेली तेवीस पोस्टकार्डे आमच्याकडे उरली आहेत. शाई फिकी पडत चालली आहे. माझ्या भाचीच्या मुली टोरांटोला वाढल्या. त्यांना मराठी बोलता येते, वाचता येत नाही. पणजीने काय लिहिले ते आम्हांला इंग्रजीत हवे, अशी त्यांची मागणी आहे, आणि ते काम माझ्याकडे आले आहे. तेवीस कार्डांत 'विरह' हा शब्द एकदाही नाही. पाऊस मात्र प्रत्येक कार्डात आहे.

परतीचा ऋतू

पावसाळा आणि विरह यांची गाठ कवींनी कल्पनेने मारली, असे आपण सहसा धरून चालतो. मला वाटते, ती आधी रस्त्यांनी मारली. पूल नव्हते, सडका नव्हत्या. मृग लागला की नद्यांना उतार राहत नसे, काळ्या जमिनीत बैलांचे पाय रुतत. त्यामुळे चार महिने प्रवास बंद हा देशाचा नियमच झाला. बौद्ध भिक्षूंचा वर्षावास, जैन मुनींचा चातुर्मास, सर्वसामान्य हिंदू घरातला चातुर्मास, या सगळ्यांचा पाया एकच : पावसात जिथे असाल तिथे थांबा. व्यापारी, सैनिक, कारागीर यांच्यासाठी त्याचा व्यवहारी अर्थ असा की, आभाळ भरून येण्याच्या आत घर गाठा. ज्याला ते जमले नाही, तो चार महिने तरी येत नाही.

म्हणून पहिला ढग दिसणे ही बाईच्या दृष्टीने ऋतुवर्णनाची बाब नव्हती, ती बातमी होती. तो दिसायच्या आत जो आला नाही, त्याच्या येण्याची आशा आता दिवाळीपर्यंत लांबली.

महाराष्ट्री प्राकृतातील हालाची गाथासप्तशती ही या बातमीची सर्वांत जुनी दफ्तरे जपून आहे. स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली ती मराठी वाचकाला विस्तृत प्रस्तावनेसह उपलब्ध करून दिली. तिच्यात प्रवासाला गेलेल्यांच्या बायका जागोजागी भेटतात. एका गाथेत गळक्या छपराखाली बसलेली आई मुलाला भिजू नये म्हणून स्वतः त्याच्यावर वाकते, आणि आपल्या डोळ्यांतल्या पाण्याने तो भिजतो आहे हे तिच्या ध्यानात येत नाही. दुसऱ्या एका गाथेत नवऱ्याच्या परतण्याचे दिवस मोजण्यासाठी भिंतीवर ओढलेल्या रेघा आहेत. वादळात घराच्या फटींतून पाणी आत येते, तेव्हा ती बाई स्वतःला सोडून त्या रेघांवर हात धरते. पाऊस, विरह आणि लेखन या तिघांची भेट याहून नेमकी मला कुठे दिसली नाही. लिपी न येणाऱ्या बाईचे ते कॅलेंडर आहे, आणि पाऊस ते पुसायला आला आहे.

पुढे मराठ्यांच्या मोहिमांनी हेच वेळापत्रक पाळले. दसऱ्याला सीमोल्लंघन, पावसाच्या तोंडावर छावणी. बरेचसे शिपाई शेतकरीच असल्याने पेरणीला त्यांची घरी गरज असे. राज्याचा पसारा उत्तरेत वाढला तसे हे वेळापत्रक मोडले. सदाशिवरावभाऊंची फौज मार्च १७६० मध्ये दख्खनेतून निघाली, त्या वर्षीचा पावसाळा तिने यमुनेच्या काठी काढला आणि १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झाले. उत्तरपेशवाईतील लावणीमध्ये स्वारीवर गेलेल्या धन्यासाठी झुरणारी जी नायिका राम जोशी, होनाजी यांच्यासारख्या शाहिरांनी उभी केली, तिच्यामागे अशी न परतलेली माणसे आहेत. ज्ञानदेवांच्या विराण्यांत तोच विरह परमेश्वराकडे वळला होता. लावणीने तो पुन्हा घराच्या ओसरीवर आणला.

संस्कृत साहित्यशास्त्राने या अनुभवाची बारकाईने वाटणी केली. विप्रलंभ शृंगाराचे पूर्वराग, मान, प्रवास आणि करुण असे प्रकार पाडले. नायिकांच्या आठ अवस्थांत प्रोषितभर्तृका, म्हणजे जिचा पती परगावी गेला आहे ती, हिला स्वतंत्र जागा दिली. इंग्रजीत यातल्या बहुतेकांना मिळून 'सेपरेशन' हा एकच शब्द वाट्याला येतो. आणि त्या शब्दाला गेल्या दीडशे वर्षांत कोर्टाचा वास लागला आहे. १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्यात आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात 'ज्युडिशियल सेपरेशन' आहे. आजच्या मराठी घरात 'त्यांचं सेपरेशन झालंय' असे कोणी म्हटले तर मेघदूत कोणाच्याही डोळ्यांपुढे येत नाही.

मोसमाचा मान्सून कसा झाला

इंग्रजीने आपल्या पावसासाठी जो शब्द घेतला त्याची हकिगत या विषयाच्या मुळाशीच जाते. अरबीत 'मौसिम' म्हणजे ठरलेला काळ, हंगाम. अरबी समुद्रात वारे कधी कुठल्या दिशेने वाहतात त्यावर जहाजे हाकारण्याचा हंगाम ठरे. खलाश्यांचा हा शब्द पोर्तुगिजांनी 'मोंसांव' असा उचलला, त्यांच्याकडून आणि डचांकडून तो सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत गेला आणि 'मान्सून' झाला. आपल्याकडे तोच शब्द फार्सीच्या वाटेने येऊन 'मोसम' झाला. म्हणजे मोसम आणि मान्सून ही सख्खी भावंडे आहेत. एक जमिनीवरून घरी आले, दुसरे समुद्रावरून जगाची फेरी मारून. 'मोसमी वारे' असा शब्द शाळेच्या भूगोलात शिकवताना ही भावंडे एकमेकांना भेटतात, पण ओळख कोणी करून देत नाही.

ध्यानात घ्यायची गोष्ट ही की, या शब्दात मुळात पाऊस नाहीच. त्यात आहे जाण्यायेण्याचा काळ. लिस्बनहून गोव्याला येणारी जहाजे साधारण मार्च-एप्रिलमध्ये निघत आणि पाऊस ओसरताना, सप्टेंबरच्या सुमारास पोहोचत. परतीची जहाजे डिसेंबर-जानेवारीत सुटत. लिस्बनचा दरबार आणि गोव्याचा व्हाइसरॉय यांच्यातली पत्रेही या जहाजांबरोबरच जात. गोव्याच्या पुराभिलेखागारात या पत्रव्यवहाराचे जे खंड आहेत, त्यांचे नावच मुळी 'लिव्रूश दश मोंसोंइश', म्हणजे मान्सूनची पुस्तके. दरबारी कागदांना ऋतूचे नाव मिळाले, कारण ऋतूशिवाय कागद हलत नव्हता. प्रश्न एका मान्सूनला विचारायचा आणि उत्तराची वाट पुढच्या मान्सूनपर्यंत पाहायची. पोर्तुगिजांकडे दुराव्यातल्या ओढीसाठी 'सौदाद' हा त्यांचा लाडका शब्द आहे, आणि निरोपाच्या दुःखाला गोव्याच्या मांडो या गीतप्रकाराने घर दिले.

ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांचीही गत तीच. पत्र केपला वळसा घालून पाच-सहा महिन्यांनी पोहोचे. मुंबईत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून सुएझकडे निघाली आणि महिन्याभराच्या आतबाहेर पोहोचली, तेव्हा टपालाचा काळ एकदम आकसला. तरीही नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांविरुद्ध जाण्याइतके बळ त्या वेळच्या वाफेत नव्हते; पावसाळ्यात ही वाट अडत असे. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला, १८७० मध्ये मुंबई समुद्री तारेने लंडनशी जोडली गेली आणि मान्सून या शब्दातून 'निरोप' हा अर्थ हळूहळू गळून पडला. उरला तो फक्त पाऊस.

यूल आणि बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश १८८६ मध्ये निघाला. त्यात मान्सून आहे, आणि हिंदुस्थानातल्या इंग्रजांचा विरहही आहे. 'ग्रास विडो', शब्दशः गवताची विधवा, हा इंग्रजीत फार पूर्वीपासून असलेला आणि आधी बराच हिणकस अर्थाचा शब्द. हिंदुस्थानात त्याचा अर्थ झाला : उन्हाळ्यात थंड हवेच्या ठिकाणी गेलेली आणि नवरा खाली मैदानात कचेरीत राहिलेली मडम. मुंबई इलाख्याचे सरकार उन्हाळ्यात महाबळेश्वरला आणि पावसाळ्यात पुण्याला मुक्काम हलवी, त्यामुळे असे दुरावे आपल्या सह्याद्रीतही घडत. पण हा शब्द उन्हाळ्याचा, तोही थट्टेचा. आपल्या प्रोषितभर्तृकेचा ऋतू पावसाळा, आणि तिच्याकडे बघून कोणी हसत नसे. एकाच देशात, एकाच शतकात, दोन भाषांतल्या दोन विरहिणी अशा दोन ऋतूंत राहत होत्या.

कलकत्ता, १८१३

विरह आणि पाऊस ही जोडी इंग्रजीत पहिल्यांदा रीतसर नेली ती होरेस हेमन विल्सन याने. हा मूळचा डॉक्टर. १८०८ मध्ये कंपनीचा असिस्टंट सर्जन म्हणून तो कलकत्त्याला आला, एशियाटिक सोसायटीचा चिटणीस झाला आणि पुढे १८३२ मध्ये ऑक्सफर्डमध्ये संस्कृतचा पहिला बोडेन प्राध्यापक. कालिदासाच्या मेघदूताचे त्याने केलेले इंग्रजी पद्य भाषांतर १८१३ साली कलकत्त्यात, मूळ संस्कृत आणि टिपांसह छापले गेले. सर विल्यम जोन्सच्या शाकुंतलानंतर (१७८९) युरोपात कालिदासाची कीर्ती वाढवणारे हे दुसरे मोठे पुस्तक. गटेनेही त्याचे कौतुक केले.

विल्सनसमोरच्या अडचणी आज भाषांतर करणाऱ्यालाही चुकलेल्या नाहीत. पहिली वृत्ताची. मंदाक्रांतेचा सतरा अक्षरांचा चरण सुरुवातीला चार गुरूंवर जड पावलाने चालतो, मग पाच लघूंवर घाईने पळतो आणि शेवटी पुन्हा रेंगाळतो. पाण्याने भरलेल्या ढगाची चाल जणू. विल्सनने त्याऐवजी आपल्या काळाचे प्रतिष्ठित वृत्त घेतले, जोडीजोडीने यमके जुळवणारे. त्याने ओळी नेटक्या झाल्या, पण रेंगाळणे गेले.

दुसरी अडचण ढगाची. इंग्रजीत ढग हा सहसा संकटाचा. संशयाखाली असलेला माणूस 'अंडर अ क्लाउड' असतो. ढगाची रुपेरी कड ही कल्पना मिल्टनच्या १६३४ मधल्या 'कोमस' या मुखवटानाट्यातून पुढे म्हण बनून रूढ झाली. तीही ढग वाईटच असतो असे धरूनच दिलासा देते. आपल्याकडे मेघ हा दाता आहे, मित्र आहे, आणि त्याला निरोप सांगावा इतका विश्वासू आहे. 'क्लाउड मेसेंजर' हे नाव ऐकून लंडनच्या वाचकाला आधी एखाद्या अशुभ बातमीची शंका आली असेल, असे मला वाटते. विल्सनने ही दरी टिपांनी भरण्याचा यत्न केला. युरोपीय कवींमधली समांतर स्थळे त्याने दाखवली, झाडे, पक्षी, गावे समजावून सांगितली. रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, हे मतही त्याने त्या टिपांत मांडले. मल्लिनाथाने रामगिरीला चित्रकूट मानले होते. पुढे महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी रामटेकाची बाजू सविस्तर मांडली, त्यामुळे मराठी वाचकाला ते आपले वाटते. पण इंग्रजी वाचकाला ते नाव मिराशींच्या शंभरावर वर्षे आधी कळले होते.

तिसरी अडचण तारखेची, आणि ती सगळ्यांत अवघड. यक्षाला ढग दिसतो तो आषाढाच्या पहिल्या दिवशी, असे आपण मानतो आणि कालिदास दिन साजरा करतो. पण काश्मीरचा जुना टीकाकार वल्लभदेव तिथे 'प्रथम' ऐवजी 'प्रशम' वाचतो : आषाढाचा शेवटचा दिवस. मल्लिनाथ पहिल्या दिवसाच्या बाजूचा. वाद का, तर यक्ष पुढे सांगतो की विष्णू शेषशय्येवरून उठेल तेव्हा शाप संपेल आणि त्याला अजून चार महिने आहेत. विष्णू उठतो कार्तिकी एकादशीला. आपल्या अमांत पंचांगाने आषाढ शुद्ध प्रतिपदेपासून मोजले तर चार महिने आणि दहा दिवस होतात. उत्तरेच्या पौर्णिमांत पंचांगाने आषाढाच्या अखेरच्या दिवसापासून मोजले तर चार महिन्यांना जेमतेम चार दिवस कमी पडतात. एका अक्षराच्या फरकात दोन पंचांगे आणि एका विरहाची लांबी अडकलेली आहे. इंग्रजीत 'जुलै' लिहिले की हा सगळा वाद नाहीसा होतो, आणि इंग्लंडच्या वाचकाला तर जुलै म्हणजे भर उन्हाळा.

पुण्याचे मेघदूत

विल्सननंतर हे काम एतद्देशीयांच्या हाती आले. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघाले आणि संस्कृत काव्ये इंग्रजीतून शिकवली जाऊ लागली. काशिनाथ बापू पाठक यांनी १८९४ मध्ये पुण्यात मेघदूताची जी आवृत्ती काढली ती पाठाच्या दृष्टीने फार मोलाची. नवव्या शतकात, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळात, जिनसेन या जैन आचार्याने 'पार्श्वाभ्युदय' नावाचे काव्य रचले. त्यात त्याने मेघदूताच्या ओळी आपल्या श्लोकांत एकामागून एक गुंफून टाकल्या आणि विरहाच्या काव्यातून पार्श्वनाथांच्या तपश्चर्येची कथा सांगितली. त्यामुळे मेघदूताचा एक फार जुना पाठ आपोआप जतन झाला. पाठकांनी तो बाहेर काढला आणि जोडीला शब्दशः इंग्रजी भाषांतर दिले. मोरेश्वर रामचंद्र काळे यांच्या विद्यार्थ्यांसाठीच्या आवृत्त्याही पिढ्यान् पिढ्या वापरल्या गेल्या.

या आवृत्त्यांचे इंग्रजी विल्सनच्या इंग्रजीहून अगदी वेगळे. त्याला यमक जुळवायचे नाही, परीक्षेत अर्थ लावायचा आहे. समास सोडवून दाखवणारी ती लांब, अडखळती वाक्ये वाचायला सुंदर नाहीत, पण त्यांत मूळचे काही सांडत नाही. मराठी मुलांच्या दोन-तीन पिढ्यांनी प्रेमाच्या ताटातुटीची इंग्रजी भाषा या क्रमिक पुस्तकांतून घोकली. दुसऱ्या तासाला शेली आणि कीट्स असत. या दोन तासांच्या मधल्या जागेत आधुनिक मराठी प्रेमकविता घडली, असे म्हणायला हरकत नाही.

मराठीत मेघदूत त्याआधीच उतरले होते. कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या 'पद्यरत्नावली'त (१८६५) ते आहे. १९४४ साली चिंतामणराव देशमुखांनी केलेला अनुवाद प्रसिद्ध झाला; तेव्हा ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते. नंतर कुसुमाग्रज, बोरकर, शान्ता शेळके यांनी पुन्हा पुन्हा तोच ढग मराठी आकाशात आणला. इतक्या जणांना तो पुन्हा आणावासा वाटला याचे एक कारण असे दिसते की, प्रत्येक पिढीची दुराव्याची भाषा बदलत गेली. माधव जूलियनांचे 'विरहतरंग' १९२६ चे. त्यात विरह आहे, पण तो कॉलेजात भेटलेल्यांचा. तिथे नदीला पूर आल्याने कोणी अडलेले नाही. आड येतो तो समाज. पाऊस तिथे साथीला असेल, कारण मात्र राहिलेला नाही.

इंग्रजीची परतभेट

आता उलट दिशेने आलेले सामान पाहू. शाळेत आपण सगळ्यांनी 'मुसळधार'ला मांजरे आणि कुत्री पडण्याचा वाक्प्रचार पाठ केला. जोनाथन स्विफ्टच्या १७३८ च्या संवादसंग्रहात तो आहे. इंग्लंडमध्ये आज तो फारसा कोणी बोलत नाही, आपल्या वह्यांत मात्र अजून पडतो आहे. 'रेनी डे'साठी पैसे शिल्लक टाकणे हा वाक्प्रचार विमा एजंटांनी आपल्याकडे रुळवला. ज्या देशात पाऊस न पडणे हे संकट, तिथे पावसाळी दिवसाची भीती बाळगून बचत करायची, हे ऐकून मराठवाड्यातला शेतकरी काय म्हणेल? त्याची म्हण घडली असती तर ती कोरड्या दिवसाची घडली असती.

'ब्रेक' या शब्दाची गंमत आणखी वेगळी. जुन्या अँग्लो-इंडियन लेखनात मान्सून 'ब्रेक' होतो म्हणजे फुटतो, सुरू होतो. भारतीय हवामान खात्याच्या भाषेत 'ब्रेक मान्सून' म्हणजे ऐन पावसाळ्यात पडलेला खंड. एकाच शब्दाने आगमनही सांगायचे आणि दडी मारणेही. आणि हल्लीच्या मुलांच्या बोलण्यात त्याच शब्दाला शेपूट लागून 'ब्रेकअप' झाले आहे. ताटातूट, दुरावा, फारकत, वियोग, विरह हे शब्द शाबूत असताना 'ब्रेकअप' का लागला? कारण तो खरोखर नवा आहे. विरहात दोघेही एकमेकांचे असतात, मध्ये अंतर असते. ब्रेकअपमध्ये अंतर नसते, दोघे एकाच वर्गात बसलेले असतात, नाते नसते. त्या अवस्थेला मराठीने जुना शब्द दिला नाही, हे मला ठीकच वाटते.

'मी तुला मिस करते' याबद्दल मात्र मला इतके उदार होता येत नाही. त्याने काही नवे सांगितले जात नाही, आणि 'तुझी आठवण येते' यातले ते येणे हरवते. 'करणे' आले की ते आवरताही येते, थांबवताही येते. आठवण आवरत नाही. पाऊस यावा तशी ती येते.

तेवीस पोस्टकार्डे

आता त्या पोस्टकार्डांकडे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी जिल्ह्याने मुंबईच्या गिरण्यांना माणसे पुरवली. आगबोटी पावसाळ्यात बंद. पत्र घाटावरून फिरून जाई. विमानाच्या आणि दूरध्वनीच्या काळातही या बायकांसाठी मान्सूनला त्याचा जुना, खलाश्यांचा अर्थ उरला होता : येण्याजाण्याचा हंगाम.

आजी चौथी शिकलेली. मायना रीतीप्रमाणे : चरणी शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष. आजोबांचे नाव ती लिहीत नाही. इकडील क्षेम, तिकडील क्षेम कळवावे. मग पाऊस. मृगाने फसवले. आर्द्रा बऱ्या लागल्या. तरण्यात लावणी उरकली. म्हातारा धरून आहे, उघडीप नाही, पडवी गळते. आणि शेवटी : गणपतीला येणे होईल का ते कळवावे. पुनर्वसूचा पाऊस तो तरणा, पुष्याचा तो म्हातारा. हे नक्षत्रांचे पंचांग तिला तोंडपाठ होते. तेरा-चौदा दिवसांनी एकेक नक्षत्र पुढे सरकते आणि त्याबरोबर पत्रे. सगळी कार्डे ओळीने लावली की माझ्या लक्षात येते : ती भिंतीवर रेघा ओढते आहे.

याचे इंग्रजी कसे करायचे? विल्सनच्या वाटेने गेलो तर मी पणजीच्या तोंडी उसासे घालीन आणि मुली ते आवडीने वाचतील; पण ती बाई उसासे लिहिणारी नव्हती. नुसते 'हेवी रेन' लिहिले तर तेवीस पत्रे म्हणजे हवामान खात्याचे अहवाल होतील. मी काळे-पाठकांची वाट धरली आहे. नक्षत्रांची नावे तशीच ठेवतो. तरणा आणि म्हातारा यांना इंग्रजीतही तरुण आणि वृद्धच म्हणतो. 'पाऊस धरून आहे' याला इंग्रजीत 'होल्ड' हेच क्रियापद वापरतो, थोडे अडखळले तरी चालेल. पडवी गळते याला अलंकार जोडत नाही. फक्त प्रत्येक कार्डाखाली एक टीप देतो : मागच्या कार्डापासून किती दिवस गेले, आणि आगबोटी सुरू व्हायला किती राहिले. 'आय मिस यू' हे वाक्य त्या सबंध भाषांतरात येणार नाही. थोरल्या मुलीला पहिली पाच कार्डे पाठवली, तर तिचा प्रश्न आला : पडवी गळते हे ती प्रत्येक वेळी का सांगते, तिथे दुरुस्त करणारे कोणी नव्हते का? नव्हते. तेच तर ती लिहीत होती, आणि ते इंग्रजीत पोहोचले.

यक्षाचा शाप कार्तिक शुद्ध एकादशीला संपतो, म्हणजे बलिप्रतिपदेनंतर दहा दिवसांनी. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा त्याचे थोडेच दिवस उरलेले असतील. कालिदासाने ती भेट लिहिली नाही. काव्य पावसातच संपते. पण नद्यांचे पाणी उतरलेले असते, रस्ते वाळलेले असतात, आणि कोकणातल्या एखाद्या जुन्या बंदरावर, एके काळी तरी, या दिवसांत बोटीची वाट पाहत माणसे उभी असत.